दुपारी तीनचा अंधार

करंट रावांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कुणाच्या ना कुणाच्या घराचा फ्यूज असायचा. पांढरा, चिनी मातीचा, चांगला मुठीएवढा. त्याच्या वजनाने त्यांचे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले असत. छत्तीस वर्षं वीज खात्यात काढलेल्या माणसाची ही सवय होती. तारेला हात लावण्याआधी फ्यूज काढायचा, आणि तो टेबलावर किंवा खिडकीत न ठेवता स्वतःच्या खिशात टाकायचा. "फ्यूज आपुल्या खिशांत असला तर यमदेखील बटण दाबूं शकत नाहीं, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. निवृत्तीनंतर गल्लीतले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी ते हौसेने दुरुस्त करत. काम झालं की गप्पा रंगत, कॉफी होई, आणि राव खिशासकट घरी परतत. मग मागून कुणीतरी ओरडत यायचं, "राव, फ्यूज!"

एकदा तर स्वतःच्याच घराचा फ्यूज खिशात घालून ते तिरुवैयारूला गाणं ऐकायला गेले. खाली त्यांच्या पत्नी कावेरीअक्का आणि वर मी, अशा आम्ही दोघी तंजावूरच्या एप्रिलमध्ये पंख्याविना निथळत बसलो. संध्याकाळी स्वारी गुणगुणत परतली. अक्कांनी हात पुढे केला. रावांनी फ्यूज तळहातावर ठेवला आणि वर म्हणाले, "पाह्यलांत? सुखरूप आहे."

त्यांचं खरं नाव सेतुराम राव. पण राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत ते नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. तमिळ शेजारी असोत की मराठी, सगळ्यांचे ते करंट राव. मी मूळची सातारची. बँकेच्या बदलीने तिथे गेले आणि तीन वर्षं त्यांच्या माडीवर भाड्याने राहिले. घरमालक मराठी बोलतात हे कळल्यावर मी हरखून गेले होते. पहिल्या दिवशी दारात उभे राहून ते म्हणाले, "यावें, यावें. वाटेंत फार श्रम झाले की काय? आधीं जळ घ्या." मला वाटलं, मी एखाद्या बखरीतच येऊन पडले. पुढच्या मिनिटाला ते टेम्पोवाल्याला अस्सल तमिळमध्ये झापत होते आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला इंग्रजीत मला मीटरचा नंबर सांगत होते. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मराठी लिहायची वेळ आली की तमिळ लिपीत लिहीत, आणि मला ते वाचून दाखवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे.

माणसांची पारख ते खात्याच्या भाषेत करत. आमचे शाखाधिकारी त्यांच्या मते 'ओव्हरलोड' होते. समोरचे निवृत्त हेडमास्तर 'लूज काँटॅक्ट'. कधी बोलतील, कधी ओळख देणार नाहीत. माझ्याबद्दल त्यांचं निदान असं, की "बाई, तुम्हांस अर्थिंग नाहीं. राग आला तर कोठें जाईल? आंतच फिरतो." मला त्या दिवशीही राग आला आणि तो नेमका आतच फिरला. अक्कांना मात्र त्यांनी कोणतंही नाव दिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "सबस्टेशनास कोणी नांव ठेवतो काय?"

ह्या बोलघेवड्या माणसाला एका नावाचं वावडं होतं. त्यांची एकुलती मुलगी सुधा लग्न होऊन कॅनडात गेली, आणि मी तंजावूरला जायच्या आधीच्या वर्षी तिकडेच आजाराने गेली. दुखणं हाताबाहेर गेल्याचं तिने आईवडिलांना कळू दिलं नाही. कळवू नकोस म्हणून नवऱ्याला बजावलं आणि त्या बिचाऱ्याने ते पाळलं. रावांना कळलं तेव्हा व्हिसा मिळण्याइतकाही वेळ उरला नव्हता. त्या दिवसापासून जावयाचं, माधवचं, नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. "त्या लाइनीचा फ्यूज मी काढलों आहे," एवढंच एकदा मला म्हणाले.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सुधाची मुलगी तारा तंजावूरला आली. दहा वर्षांची, उंच, चष्मा लावणारी आणि गप्प. माधवची नोकरी पाळ्यांची होती. पोर घरात एकटी पडायची. अक्कांनीच फोनवर रडून तिला मागून घेतलं. ठरलं ते असं, की तिने सहा महिने इथे शिकावं. डिसेंबरात माधव येईल आणि तिलाच विचारील, इथे राहतेस की घरी येतेस? ती म्हणेल तसं.

तारा काय म्हणणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. शाळेत तिच्या तमिळला पोरं हसत. ती मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. चार महिन्यांत तिच्याकडे एक मूल खेळायला आलं नाही. तिने आपल्या खोलीत कॅलेंडर लावलं होतं आणि रोज एक चौकोन खोडायची. राव रोज सकाळी ते कॅलेंडर पाहून येत आणि कॉफी अर्धी टाकून उठत. नात इथे राहावी, ह्या घरात सुधाचं काहीतरी राहावं, ह्यापलीकडे त्या माणसाला काही नको होतं. हे ते मला सरळ सांगत. "बाई, मज दुसरें कांहीं नोको. हें एक पोर राहिली पाहिजे."

नवरात्रात कोलू मांडला गेला. आपल्याकडे गौरीची आरास असते तशी तिकडे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, नऊ दिवस. रावांच्या पायऱ्या प्रसिद्ध होत्या. केबल गुंडाळायच्या मोठाल्या लाकडी चाकांच्या फळ्या लिलावात घेऊन त्यांनी स्वतः त्या ठोकल्या होत्या. वर हत्ती चढला तरी करकरणार नाहीत, असं ते सांगत. नऊ दिवस बायका येत, गाणं म्हणत, हळदीकुंकू आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जात. तारा खोलीतून बाहेर आली नाही. दसऱ्यानंतर बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत गेल्या, आणि रिकाम्या पायऱ्या पाहून ती पहिल्यांदा हॉलमध्ये येऊन उभी राहिली.

"तात्ता," ती म्हणाली, "हे थिएटरसारखं दिसतं."

तात्ता म्हणजे आजोबा. मग तिने सांगितलं. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोवीन असतो. अम्मा आणि डॅडी दर वर्षी तळघरात भुताचं थिएटर करत. काळे पडदे, धूर, आत कोरलेला भोपळा, भुताचा सिनेमा. गल्लीतली सगळी मुलं येत. अम्मा गेल्यावर कुणी केलं नाही. हे सगळं ती एका दमात, अर्धं मराठीत बोलली. राव ऐकत राहिले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "किती वाजतां शो?"

वेळेवरच सगळं अडलं. तारा म्हणे रविवारी पाच वाजता, उजेड सरताना. रावांनी पंचांग काढलं. "रविवारीं साडेचार ते सहा राहुकाळ. होणार नाहीं."

"पण तात्ता, भुतांचाच शो आहे!"

"भुतांचा असला म्हणून काय? आरंभ आपण करतों की नाहीं?"

मग सहानंतर? तिथे अक्का आडव्या आल्या. दिवेलागणीला त्यांच्या घरात अंधार चालणार नव्हता; आणि त्या वेळी पोरांना भुतं बघायला पाठवील अशी आई त्या गल्लीत नव्हती. उरली दुपार. दुपारचे तीन. तंजावूरच्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस नसला तर दुपारी तीनचं ऊन डोळ्यांत घुसतं. आणि रावांचा हॉल म्हणजे चार खिडक्या, सहा झरोके आणि छतात काचेचा चौकोन.

"सरी," राव म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "अंधार आणतां येत नाहीं. उजेड अडवूं."

पुढचे दहा दिवस मी त्या माणसाला जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. रोज दुपारी, शाळा सुटली की, ते आणि तारा हॉल बंद करून आत बसत आणि कुठून उजेड येतो ते शोधत. खिडक्यांना ताडपत्री झाली, झरोक्यांना पुठ्ठे झाले, काचेवर शेण-माती झाली. मग बारीक भोकं दिसू लागली. खात्यात विजेच्या खांबांना नंबर घालतात तसे राव प्रत्येक भोकाला खडूने नंबर घालत. तारा वहीत लिही. ती इंग्रजीत, ते तमिळ लिपीतल्या मराठीत. दोघांची यादी रोज ताडून पाहायची. मी बँकेतून आले की जिन्यातच विचारणा होई, "बाई, जरा आंत बसा. सत्तावीस नंबर दिसतो काय सांगा." मी काळोखात बसून सत्तावीस नंबर शोधत असे. बाहेर माझ्या डब्याला मुंग्या लागत.

अक्कांची दुसरी हरकत पायऱ्यांवर होती. "देवी बसली त्यावर तुमचीं पिसासं बसविणार? काय म्हणून?" बरीच बोलाचाली झाली. शेवटी तह झाला. खालच्या पायऱ्या मुलांना, पण सगळ्यांत वरची पायरी देवाची. तिथे कुणी बसायचं नाही.

भोपळा अक्कांनी दिला, पण अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही म्हणून पहिला काप रावांकडून घातला. गर सांबारात गेला. तारा म्हणाली आत मेणबत्ती ठेवायची. राव म्हणाले, उघडी ज्योत, आत पोरं, जमणार नाही. त्यांनी आत झिरोचा बल्ब बसवला आणि भोपळ्यातून एक हिरवी तार काढून खिडकीच्या गजाला बांधली. ही कसली, असं मी विचारलं. "अर्थिंग," ते म्हणाले. मी भोपळ्याकडे आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

धुराचा प्रश्न मात्र सुटेना. ताराच्या यादीत एक खास, धूर सोडणारा बर्फ होता, तो तंजावुरात कुणाला माहीत नव्हता. राव सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर करू म्हणाले. पण तो वर चढायचा आणि पडद्याला झाकायचा. दुसऱ्या दिवशी तारा येऊन म्हणाली, धुपाटणं ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवायचं, दाराच्या फटीतून वारा खालून द्यायचा, मग धूर जमिनीवर पसरतो. करून पाहिलं, तसंच झालं. राव खूश झाले. "हें तुज कोण शिकविला? ज्यानें शिकविला त्यास काम कळतें."

ताराने धुपाटण्यावरची राख फुंकली. मग हळूच म्हणाली, "डॅडी. मी रोज फोनवर विचारते."

मी तिथेच होते. रावांनी धुपाटणं उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग म्हणाले, "सरी. आणखी काय सांगिटला तो?" रावांच्या तोंडून मी सरळ ऐकलेला माधवचा तो पहिला उल्लेख; त्यातही नाव नव्हतंच.

आमंत्रणाची जबाबदारी रावांनी स्वतःकडे घेतली आणि तिथेच घोटाळा झाला. त्या गावात बोलावणं करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. धुतलेली वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन, अक्कांना बरोबर घेऊन ते घरोघर गेले. ताराच्या वर्गातल्या चार मुलांच्या घरीसुद्धा गेले. कुंकू लावून केलेलं बोलावणं कुणी मोडत नाही. रविवारी अडीच वाजताच अकरा मुलं आली. त्यांच्याबरोबर नऊ आया आणि एक आजीही आल्या. सगळ्या रेशमी साड्यांत, डोक्यात मोगरा, मुलं जरीच्या परकरात आणि कडक इस्त्रीच्या शर्टांत. कोलूचंच पुन्हा काहीतरी असेल, असा त्यांचा समज.

आणि दारात तारा एकटी उभी. अंगावर काळी चादर, चेहऱ्याला पांढरं, दातांना लाल रंग. तिने सांगितलेलं होतं, सगळ्यांनी भुतं होऊन यायचं. ते सांगायचं राव विसरले होते. अकरा मुलं तिच्याकडे पाहत होती आणि त्यांतला एक मुलगा फिसकन हसला. तारा मागे सरकली. मी जिन्यावरून बघत होते. आता ही खोलीत जाईल, कडी लावेल, आणि डिसेंबरचा निकाल आजच लागेल, हे मला स्पष्ट दिसलं. रावांनाही दिसलं असणार. ते चपळाईने स्वयंपाकघरात गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडाला रांगोळीसाठीचं तांदळाचं पीठ फासलेलं होतं, कानापर्यंत. डोळ्यांभोवती अक्कांचं काजळ. एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात काजळाची डबी. "चूक माझी," ते आयांना तमिळमध्ये म्हणाले. "ताराम्माने सांगितलं होतं, मी विसरलो. आता ज्याला आत जायचं, त्याला पिसासु व्हावं लागेल. तिकीट हेच."

पहिली हलली ती आजी. तिने पदर खोचला, समोरच्या मुलाचं तोंड धरलं आणि मिशा काढायला घेतल्या. त्या गावात भुताचं तोंड कसं असतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून टांगतात तेच राक्षसी तोंड, वटारलेले डोळे, पिळदार मिशा, लोंबती जीभ. दहा मिनिटांत अकरा मुलांना, मुलींसकट, मिशा आल्या. पिठाने रेशमी साड्या पांढऱ्या झाल्या आणि आया हसून हसून एकमेकींवर रेलल्या. तारा बघत होती. "ही हॅलोवीनची भुतं नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने तोंड पुढे केलं. "मला पण मिशा." ते तिने तमिळमध्ये म्हटलं. मघाशी हसलेला मुलगाच काजळाची डबी घेऊन पुढे झाला.

आत जाताना एका बाईने विचारलं, आधी गाणं कोण म्हणणार? गाण्याशिवाय सुंडल कसं घ्यायचं? मग एका मुलीने मिशीसकट देवीचं गाणं म्हटलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि तीन वाजता दार बंद झालं.

मी शपथेवर सांगते, इतका काळोख मी आयुष्यात पाहिला नाही. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत स्वतःचा हात दिसेना. सांब्राणीचा धूर पायांशी पसरला. कुणी आई अंधारातून म्हणाली, न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येतोय. भोपळा पिवळा हसला. पडद्याच्या जागी ताणलेल्या रावांच्या वेष्टीवर प्रोजेक्टरने सिनेमा सुरू झाला. जरीची किनार दोन्ही बाजूंना लखलखत होती. भुताळी बंगला, वादळ, दिवे आपोआप लुकलुकतात. मुलं एकमेकांना बिलगली. इतक्यात मागून रावांचा आवाज आला, "हें भूत नव्हे. न्यूट्रल सुटला आहे."

"तात्ता!" तारा ओरडली.

"पाह्यलीस की नाहीं? एक दिवा मंद, दुसरा तेज. न्यूट्रल. ह्या घरांत राहूं नये, हें खरें. पण भुतामुळें नव्हे." हे त्यांनी तमिळमध्येही सांगितलं. हॉल खदखदला. त्यानंतर बंगल्यातला दिवा लुकलुकला की अकरा मुलं एका सुरात ओरडत, "न्यूट्रल!" आणि त्यांत ताराचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मध्यंतरात, दार न उघडता, अक्का द्रोणांतून सुंडल वाटू लागल्या. तेव्हा कोपऱ्यात एक निळा उजेड दिसला. राव ताडकन उठले. दहा दिवस एकेक भोक बुजवलेलं, हा उजेड कुठला? ताराच्या हातात फोन होता. ती तो उलटा धरून पायऱ्या, भोपळा, मुलं, सगळं कुणाला तरी दाखवत होती. तिने फोन वळवला आणि त्यात एक चेहरा दिसला. वाढलेली दाढी, झोपेतून उठलेले डोळे, मागे काळोख. तिकडे पहाटेचे सहा होते. तो माणूस गजर लावून उठला होता.

"डॅडीला बघायचं आहे," तारा म्हणाली. "पण मी फोन धरला तर मला सिनेमा दिसत नाही."

राव नुसते उभे राहिले. फोनमधल्या माणसाने घाईने केस सारखे केले. मुलं द्रोणात बोटं घालून बघत होती. मला वाटलं, आता हे बाहेर निघून जातील. तेवढ्यात अंधारातून अक्का बोलल्या, नेहमीच्याच आवाजात.

"ऐकलेंत काय? वरची पायरी रिकामी आहे."

"ती देवाची म्हणून तूच सांगिटलीस."

"लग्नांत तुम्ही त्याचे पाय धुतलांत की नाहीं? विष्णू म्हणून धुतलांत. मग बसवा वर."

रावांनी फोन हातात घेतला. त्या निळ्या उजेडात त्यांचं पिठाने माखलेलं तोंड मला दिसलं, काजळ गालांवर उतरलेलं. ते पायऱ्यांच्या कडेने वर चढले, खिशातून फ्यूज काढला, तो वरच्या पायरीवर ठेवला आणि त्याला टेकवून फोन उभा केला. "दिसतें काय?" त्यांनी विचारलं. फोनमधून आवाज आला, "दिसतंय, अप्पा." राव म्हणाले, "मग बसा." आणि खाली येऊन त्यांनी सिनेमा पुढे सुरू केला. साडेचारच्या आत सगळं आटपलं, ताडपत्र्या उघडल्या, आणि अक्कांनी वेळेवर दिवा लावला.

नोव्हेंबरभर ते घर पोरांनी भरलेलं होतं. मिशांची अकरा मुलं रोज संध्याकाळी यायची. तारा तमिळमध्ये भांडायला लागली, म्हणजे तिची भाषा खरी सुधारली. कॅलेंडरवरचे चौकोन खोडायचे राहून गेले. राव ते रोज सकाळी बघून येत आणि कॉफी पिताना गुणगुणत. अक्कांनी आणि मी मनातल्या मनात तिचं पुढच्या वर्षाचं नावही शाळेत घालून टाकलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी राव पायरीवर बसून माझी इस्त्री दुरुस्त करत होते. मी शेजारी होते. तारा येऊन बसली आणि मराठीत म्हणाली, "तात्ता, मी ठरवलं. मी इथेच राहते. डॅडीला आज सांगू?"

सहा महिने हा माणूस ज्याच्यासाठी झुरला ते त्याच्या मांडीवर येऊन पडलं होतं. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. रावांनी स्क्रू घट्ट केला. पुन्हा सैल केला. 

"कण्णा," ते लाडाने म्हणाले, "येथें तुज किती जण?"

"अकरा. आणि तू आणि अज्जी."

"तेथें त्यास किती जण?"

ती चष्मा काढून फ्रॉकला पुसायला लागली.

"तूं जा," राव म्हणाले. "आम्ही तेरा आहों. आम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबूं."

ती रडली. राव इस्त्री जोडत राहिले. ती इस्त्री नंतर कधीच नीट चालली नाही, आणि मीही पुन्हा दुरुस्तीला दिली नाही. अक्का त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेतकूट कुटायला घेतलं, तिच्याबरोबर द्यायला, तेव्हा कळलं की त्यांनाही पटलं आहे. मी रावांना म्हटलं, असं कसं हो केलंत, हातात आलेलं सोडलंत? त्यांनी मला ह्या वेळी कसलंच निदान सांगितलं नाही. "बाई," ते म्हणाले, "तो माणूस माझ्या पोरीचा शब्द पाळला. मी इतकें दिवस त्यावर रागावलों. ती सांगिटली असती तर मीही पाळलों असतों."

माधव आला तो गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून आतच बसून राहिला. घरात घेतील की नाही, ह्याची खात्री नव्हती. राव स्वतः गेले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन आले. दारात अक्कांनी पायांवर पाणी घातलं. केळीच्या पानावर रावांनी स्वतः वाढलं, आणि तो नको नको म्हणत असताना तीनदा भात वाढला.  माधव दोन दिवस राहिला.

त्यानंतरही माझी बदली होईपर्यंत मी चार महिने त्या माडीवर होते. तरी राव आठवायचे म्हटले की मला ती निघायची सकाळच दिसते. साडेदहाचं ऊन होतं. अकरा मुलं शाळा बुडवून गाडीभोवती उभी होती. ताराने सगळ्यांना हात केला, अक्कांना मिठी मारली, आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गाडीत बसली. गाडी निघाली. मुलं थोडी मागे धावली आणि परत फिरली. अक्का डोळे पुसत आत गेल्या. गल्ली हळूहळू रिकामी झाली. राव मात्र रस्त्याच्या मधोमध उभे होते, कोपऱ्याकडे तोंड करून.

बराच वेळ झाला तशी मी खाली गेले. म्हटलं, "राव, आत चला. ऊन फार आहे."

"थांबा," ते म्हणाले. "कोपऱ्यावर गाडी थांबवून मागें पाहीन म्हणून सांगिटली ती. मी आंत गेलों, आणि ती पाहिली तर?"

कोपऱ्यावर कुणी नव्हतं. गाडी केव्हाच वळून मोठ्या रस्त्याला लागली होती, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.